धावणाऱ्या बायका आणि ‘युनिसेक्स’ टी-शर्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती उठले की आपल्या जिल्हा पानावर मॅरेथॉनच्या बातम्या सुरू होतात आणि बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं : ‘महिलांनी मोठ्या संख्येने सहभागी व्हावे, असे आवाहन संयोजकांनी केले आहे.’ मग स्पर्धा होते. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पुढे चार बायका उभ्या केलेल्या असतात आणि मागे नजर जाईल तिथवर पुरुषच. संयोजक म्हणतात, आम्ही तर बोलावलं होतं, बायकाच येत नाहीत. का येत नाहीत हे त्यांनी कुणा बाईला विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणून न विचारताच सांगते.

मी कराडात ब्लाउज, ड्रेस आणि शाळेचे गणवेश शिवते. पन्नाशी जवळ आलीय. शुगर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि चालता चालता मी पळायला लागले. प्रीतिसंगमापासून निघायचं, कृष्णेच्या पुलावरून विद्यानगरपर्यंत जाऊन परत यायचं, हा माझा रोजचा रस्ता. आसपासच्या शहरांत दहा किलोमीटर आणि हाफ मॅरेथॉनलाही, म्हणजे एकवीस किलोमीटरला, जाते. कुणा एका संयोजकावर माझा राग नाही. ही मंडळी आपापले धंदे, दवाखाने सांभाळून पदरमोड करून स्पर्धा भरवतात, पोलिसांच्या परवानग्यांसाठी हेलपाटे मारतात, हे मी पाहिलंय. पण इथून तिथून सगळीकडे तीच तऱ्हा आहे, त्यामुळे कुणाचं नाव घेत नाही.

माझ्या धंद्यापासून सुरुवात करते, म्हणजे टी-शर्टपासून. नाव नोंदवताना फॉर्मवर एस, एम, एल, एक्सएल असे रकाने असतात आणि खाली लिहिलेलं असतं ‘युनिसेक्स’. हा युनिसेक्स म्हणजे चक्क पुरुषाचा टी-शर्ट. खांदा पुरुषाचा, मुंढा (बाही जोडतात तो घेर) पुरुषाचा आणि छातीपासून खालपर्यंत घेर सरळसोट. छत्तीस छातीच्या बाईनं स्मॉल घेतला तर तो सीटवर अडकतो आणि पळताना वर सरकत कमरेशी गोळा होतो. मीडियम घेतला तर सीटला बसतो, पण खांदा दंडावर उतरतो आणि मुंढा इतका खाली येतो की हात मागेपुढे करताना बगलेची शिवण दंडाला आतून घासत राहते. दहा किलोमीटरला तिथलं सालटं निघतं, ते घरी आल्यावर अंगावर पाणी घेतलं की कळतं. बिनबाह्यांचा असेल तर त्या मुंढ्यातून आतलं सगळं दिसतं, म्हणून बायका आत आणखी एक कपडा घालतात आणि घामानं तोही अंगाला चिकटतो. गळा पुढून मोठा. बुटाची नाडी बांधायला वाकलं की एक हात गळ्यावर ठेवावा लागतो, मग नाडी एका हातानं बांधा.

हे टी-शर्ट आदल्या दिवशी वाटतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी माझ्या दुकानात बायकांची रांग लागते. बगलेपासून कमरेपर्यंत दोन्हीकडून टीप आत घ्यायची, मुंढा वर उचलायचा, खाली दोन्ही बाजूंना चार बोटं कट द्यायचे. कापड निटचं, म्हणजे विणीचं, ताणलं जाणारं असतं, त्याला सुई वेगळी लावावी लागते, नाहीतर टाके सुटतात आणि कापडाला भोकं पडतात. मागच्या हंगामात एक अंगणवाडी मदतनीस आली होती (तिला विचारून लिहितेय). तिला बाही कोपराखाली हवी होती. नवरा गाडीवरून सोडायला तयार होता, पण पहाटे सासऱ्यांच्या पुढ्यातून बाहेर पडायचं होतं. आता बाही लांब करायला त्या रंगाचं कापड कुठून आणायचं? माझ्याकडे काळ्या लेगिंग्जचा एक पाय उरला होता. तो कापून दोन्ही बाह्यांना जोड दिला. पिवळा टी-शर्ट आणि काळ्या बाह्या. तिनं आरशासमोर हात दोनदा जोरात मागेपुढे हलवून बघितले आणि म्हणाली, ‘बरं झालं ताई, एवढ्या गर्दीत मी लगेच ओळखू येईन.’

तिचं काम झालं. पण ज्यांच्या ओळखीत शिवणारी बाई नाही, त्यांनी काय करायचं? बहुतेक टी-शर्ट तिरुपूरहून येतात. तिथं बायकांचा कट मिळतो, लांब बाहीही मिळते, मागणाऱ्यानं तोंड उघडायला हवं. फॉर्मवर दोन रकाने वाढवायचे एवढंच.

टी-शर्टावर लावायच्या नंबराचंही तसंच. त्या बिबच्या मागे वेळ मोजायची पट्टी चिकटवलेली असते. बिब दुमडायचं नाही, झाकायचं नाही, पुढून छातीवर लावायचं, अशी सूचना असते. छातीवर चार पिना टोचून सपाट बसायला बाईची छाती म्हणजे फळा नाही. कुणी पोटावर दुमडून लावते, कुणी वरून ओढणी घेते. मग वाटेतल्या मशीनवर नोंद होत नाही आणि निकालात नावच नाही. मी अडीच इंची इलॅस्टिकचे पट्टे शिवून देते, पुढे दोन हुक, त्यात बिब अडकवायचं आणि पट्टा कमरेला बांधायचा. पाच मिनिटांचं काम आहे. टी-शर्टला भोकं पडत नाहीत हा वरचा फायदा.

शिवणाचाच विषय निघालाय तर हेही सांगते. १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँटला लिसा लिंडाल नावाच्या धावणाऱ्या बाईनं, नाटकाचे कपडे शिवणारी मैत्रीण पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांच्याबरोबर पहिली स्पोर्ट्‌स ब्रा तयार केली. कशातून? पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट, ज्याला ते जॉकस्ट्रॅप म्हणतात, ते एकत्र शिवून. हे वाचलं तेव्हा मी मशीनवर बसल्या बसल्या हसले. त्याला आता पन्नास वर्षं होत आली, पण आमच्याकडे नीट मापाची मिळायला चार दुकानं फिरावी लागतात आणि काउंटरवर बहुतेक वेळा पुरुष असतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जे स्टॉल लागतात तिथं घड्याळं, गॉगल, प्रोटीन पावडर, पुरुषांचे बूट सगळं असतं. एका टेबलावर या ब्रा ठेवा, पलीकडे एक बाई बसवा, बघा किती विकलं जातं ते.

आता त्या शनिवारविषयी. बिब आणि टी-शर्ट घ्यायला शनिवारी स्वतः यायचं, ओळखपत्र दाखवायचं, आणि रविवारी पहाटे साडेपाचला पुन्हा हजर व्हायचं. म्हणजे गावाकडच्या बाईला एका स्पर्धेसाठी दोन दिवस घराबाहेर काढायचे. मार्च २०२३ पासून एसटीत आम्हाला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाची अडचण तेवढी राहिली नाही. अडचण आहे ती पहिली गाडीच सहाला असण्याची. पुरुष चारचौघं मिळून एक गाडी करतात, नाहीतर मैदानाजवळच्या लॉजवर खोली घेतात. एकटी बाई लॉजवर जाईल का? तिला सोडायला घरातलं कुणी उठलं तर ती येते, नाही उठलं तर पैसे भरूनही घरीच. तालुक्याच्या गावातून एक एसटी ठरवली, ती पहाटे साडेतीनला स्टँडवरून सुटली, आणि बिब त्या गाडीतच वाटले, तर किती बायका येतील याचा अंदाज संयोजकांना नाही. आणि हो, रविवारी नळाला पाणी सहाला सुटतं. ते भरायला कोण आहे, यावरही बऱ्याच जणींचं येणं ठरतं. त्याला मात्र संयोजक काही करू शकत नाहीत, ते घरातल्या पुरुषांनी बघावं.

सगळ्यात अवघड विषय लाजेनं कुणी बोलत नाही, म्हणून मी स्पष्ट लिहिते. मैदानाच्या कोपऱ्यात मोबाईल टॉयलेटची एक ओळ असते. त्यातल्या दोनांवर ‘महिला’ असा कागद डकवलेला असतो. पावणेपाचला तिथं पुरुषही उभे असतात, कारण अंधारात कागद कुणी वाचत नाही. आत कडी धड नसते, पाणी नसतं, अंगावरचा पट्टा आणि मोबाईल अडकवायला खिळाही नसतो. पाळी चालू असेल तर पॅड टाकायला डबा नसतो, ते पिशवीत गुंडाळून घरी आणावं लागतं. आणि एकदा धावायला सुटलं की पुढं वाटेत काहीच नाही. पुरुष उसाच्या कडेला वळतात, कुणी डोळा वर करून बघत नाही. बाई काय करते? शनिवारी संध्याकाळपासून पाणी तोडते. वाटेत टेबलावर पाणी मिळालं तर चूळ भरते आणि टाकते. ऊन चढल्यावर पंधराव्या किलोमीटरला तिच्या पिंढरीत गोळे येतात, डोळ्यापुढे अंधारी येते. मग अँब्युलन्समधला डॉक्टर विचारतो, ‘पाणी नाही का प्यायलात मॅडम?’ मी स्वतः ही अशी पळलेय. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी अशाच पळतात.

याला लाखो रुपये लागत नाहीत. हाफ मॅरेथॉनच्या रस्त्यावर झेडपीची एक तरी शाळा असते, एखादं मंगल कार्यालय असतं, पेट्रोल पंप असतो. शनिवारी तिथल्या माणसाला भेटून किल्ली घ्या, दिवा लावा, एक बादली पाणी आणि झाकणाचा डबा ठेवा, पॅडचं एक पाकीट ठेवा, दाराशी कॉलेजची एक मुलगी उभी करा. आणि हे कुठल्या किलोमीटरला आहे ते रस्त्याच्या नकाशावर छापा. पाण्याची टेबलं नकाशावर छापताच की.

सोय मागितली की उलट उत्तर येतं, ‘त्या लताबाईंकडे बघा.’ बारामतीच्या लताबाई करे नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी उलटल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांना माझा दंडवत आहे. पण त्यांचं नाव घेऊन भाषण ठोकणाऱ्या कुणी आजवर असं म्हटलेलं नाही, की दवाखान्याच्या बिलासाठी म्हातारीला अनवाणी पळावं लागू नये. कौतुक फुकट असतं, टॉयलेटला भाडं पडतं. नऊवारीला माझा विरोध नाही हं. कासोटा नीट घातला तर पाय मोकळा पडतो, त्या युनिसेक्सपेक्षा नऊवारी शंभर पटींनी बरी. राग येतो तो माइकवाल्याचा. ‘या बघा आपल्या वहिनी, पदर खोचून आल्या, घरी चहा कोण करणार?’ असं म्हणून तो टाळ्या घेतो. पुरुष पळत आला की नंबर, नाव, वेळ सांगतो. बाई आली की विनोद करतो.

पाठोपाठ बक्षिसं. मुंबई मॅरेथॉनला पहिल्या येणाऱ्या पुरुषाला आणि पहिल्या येणाऱ्या बाईला रक्कम सारखीच मिळते. आमच्याकडच्या एका स्पर्धेत पुरुषांचे वयोगट पाच आणि बायकांचे दोन : ‘खुला’ आणि ‘पंचेचाळीस वर्षांवरील’. म्हणजे सासष्ट वर्षांच्या बाईनं सेहेचाळीस वर्षांच्या बाईशी पळायचं. विचारलं तर म्हणाले, एवढ्या वयाच्या येतात किती! येतील कशा? आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली. त्याआधी मुंबई मॅरेथॉनला ती भारतीय बायकांत पहिली आलेली. दुष्काळी माणच्या रस्त्यावरून ती ऑलिंपिकपर्यंत गेली आणि आम्ही अजून बायकांसाठी ‘तीन किलोमीटर गुलाबी रन’ भरवतोय. फक्त बायकांच्या स्पर्धांना मी नावं ठेवत नाही. २०१२ साली मुंबईत पिंकेथॉन सुरू झाली, तेव्हापासून कितीतरी बायका तिथंच पहिल्यांदा बूट घालून रस्त्यावर आल्या. पण तीननंतर पाच, पाचनंतर दहा आणि दहानंतर एकवीस यायला हवेत. आमच्याकडे ती बाई दरवर्षी त्याच तीन किलोमीटरवर असते, कारण पुढच्या अंतराला तिच्यासाठी काही केलेलंच नसतं.

बायकांना लांब पळणं झेपत नाही असं अजून म्हणणारे भेटतात. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे, बायकांना ती मिळाली १९८४ ला, लॉस एंजेलिसला. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं हुकलं तेच ऑलिंपिक. म्हणजे मी प्राथमिक शाळेत असेपर्यंत जगातल्या शहाण्यांनाही हे झेपणार नाही असंच वाटत होतं. आमच्या माइकवाल्याचा तरी किती दोष काढायचा?

हाफ मॅरेथॉनला तीन तासांची मुदत असते. उशिरा पळायला लागलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका अडीच ते तीन तासांच्या मध्ये येतात. मुदतीच्या आत असतात, तरी अडीच तासांना पाण्याची टेबलं घडी घालून टेम्पोत चढलेली असतात, केळी संपलेली, रस्ता वाहनांना मोकळा केलेला. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या कडेकडेनं शेवटचे तीन किलोमीटर पळायचे. मैदानात शिरावं तर शेवटच्या कमानीची हवा सोडत असतात आणि पदकं पोत्यातून काढून देतात. पैसे आम्ही पुरुषांइतकेच भरलेले असतात. शेवटच्या धावणाऱ्यामागे एक गाडी, तिच्यात पाणी आणि एक बाई, एवढं ठेवलं तरी रस्त्याच्या टोकाला एकटं पडल्याची भीती जाते.

एक गोष्ट मुलींच्या आयांनी मुद्दाम लिहायला सांगितलीय. नोंदणी केली की सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकतात. आपला नंबर शेकडो अनोळखी लोकांकडे जातो. स्पर्धेनंतर बिब नंबर टाकला की नाव, वय आणि फोटो कुणालाही दिसतात. पुढचं काय होतं ते मुलीच जाणतात. रात्री अकराला ‘छान पळालात’ असे मेसेज. एका मुलीनं वैतागून धावणंच सोडलं. ग्रुप करायचाच तर फक्त संयोजकच लिहू शकतील असा करा आणि बाकीच्यांचे नंबर दिसू देऊ नका, तशी सोय आहे. फोटो ज्याचा त्यालाच ओटीपी टाकून दिसतील असं करा. आणि गुडघ्यावर बसून खालून फोटो काढणाऱ्यांना कुणीतरी उठवा.

माझ्या एका गिऱ्हाइकानं फी भरली आणि दिवस राहिले. तिनं पुढच्या वर्षी पळू द्या म्हणून विनंती केली. उत्तर आलं, पैसे परत नाहीत, नावही पुढे जाणार नाही. लंडन मॅरेथॉनला गरोदर किंवा बाळंत बाईला तिची जागा तीन वर्षांपर्यंत पुढे नेता येते. आपण लंडनच्या बऱ्याच गोष्टी उचलल्या, ही तर बिनपैशाची आहे.

या सगळ्याला संयोजक म्हणतील, बायका शंभरात दहा, त्यांच्यासाठी एवढं कोण करणार? कापड बेततानाच माप घेतलं नाही, तर नंतर ऑल्टर करून मी तरी किती सावरणार? संयोजन समितीच्या बैठकीत बाई असते ती गुच्छ द्यायला. तिला रस्ता ठरवताना, टॉयलेटचं कंत्राट देताना, टी-शर्टची ऑर्डर देताना बसवा. एकच नको, तीन-चार बसवा. एकटीचं कुणी ऐकत नाही.

थंडीतल्या स्पर्धांच्या टी-शर्टच्या ऑर्डरी दिवाळीच्या आसपास जातात. त्याआधी ज्या संयोजकांना बायकांच्या मापांचा तक्ता हवा असेल, त्यांनी आपल्या कार्यालयातून माझा नंबर घ्यावा. छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, बाही, सगळ्या मापांचा करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. शनिवारी रात्री आठनंतर ऑल्टरला आणलेल्या टी-शर्टचे मात्र जास्त पडतील.

आपली,
एक वाचक, शनिवार पेठ, कराड
(नाव छापू नये, ही विनंती. माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी हा पेपर सासऱ्यांच्या हातात आधी पडतो.)